ग्रहणाचा चष्मा आणि माजघरातला कवडसा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. चंद्राची गडद छाया त्या दिवशी अटलांटिक महासागरातून निघून स्पेनचे दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया असा प्रवास करून हिंदी महासागरात उतरेल. इजिप्तमधील लक्सरच्या परिसरात खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक काळ टिकणार आहे. आपल्या गोव्यातून हे ग्रहण खंडग्रास दिसेल, म्हणजे दुपारनंतर सूर्यबिंबाची एक कड चंद्राने कुरतडलेली दिसेल, इतकेच. पंचांगाप्रमाणे ती आषाढातली दीप अमावास्या आहे. ग्रहणाला अवकाश असताना हे पत्र लिहीत आहे, कारण ग्रहणाच्या आदल्या दिवशी छापून येणाऱ्या सूचना कितीही चांगल्या असल्या तरी आदल्या दिवशी चष्मा मिळत नाही, आणि मिळालाच तर तो तपासून पाहायला कुणाला सवड नसते.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो, नुकताच निवृत्त झालो आहे. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला पदवीपेक्षा माझ्या उजव्या डोळ्याने अधिक दिला आहे. १६ फेब्रुवारी १९८० या शनिवारी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून गेला. कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरून तो आत शिरला आणि रायचूरच्या बाजूने ओडिशाच्या किनाऱ्याकडे निघून गेला. आमच्या साखळी गावात सूर्य पुरता झाकला गेला नाही, बारीक कोर उरली. मी तेव्हा आठवीत होतो. पोरांची जेवणे लवकर उरकली गेली, पाण्याच्या कळशीत तुळशीची पाने पडली, आणि आम्हा सगळ्यांना माजघरात बसवून पुढच्या दाराला आतून अडसर घातला गेला. मी मागच्या दाराने, गोठ्याच्या बाजूने, सटकलो. माझ्या खिशात फुटक्या तावदानाचा एक तुकडा होता आणि तो मी आदल्या रात्री रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा केला होता. काजळी सगळीकडे सारखी बसली नव्हती. एका कोपऱ्यात माझ्याच अंगठ्याचा ठसा उमटला होता, आणि त्या ठशातून सूर्याची कोर फार स्पष्ट दिसते हे लक्षात आल्यावर मी मुद्दाम तिथूनच बघत राहिलो. डावा डोळा मिटलेला होता. किती वेळ बघितले ते सांगता येत नाही, कारण काहीच दुखत नव्हते आणि दुखत नसले की वेळ कोण मोजतो?

दिवेलागणीला उजव्या डोळ्यापुढे एक करडा ठिपका आला. डोळा चोळला, पाणी मारले, झोपून पाहिले. सोमवारी वर्गात फळ्याकडे उजव्या डोळ्याने पाहिले, तर ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच अक्षर नेमके गळत होते, आजूबाजूची मात्र शाबूत होती. घरी सांगण्याची सोय नव्हती, कारण आधी मागच्या दाराचा हिशेब द्यावा लागला असता. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो ठिपका लहान होत गेला, पण गेला नाही. आजही आपल्या दैनिकाचा मथळा केवळ उजव्या डोळ्याने वाचू लागलो, तर प्रत्येक शब्दात कुठेतरी एक अक्षर ओल्या बोटाने पुसल्यासारखे दिसते. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचे उणे भरून काढतो, म्हणून इतकी वर्षे फळ्यावर लिहूनही माझ्या विद्यार्थ्यांच्या ते कधी लक्षात आले नाही.

वैद्यकशास्त्रात या दुखापतीला सोलर रेटिनोपॅथी म्हणतात. आपण सूर्याकडे टक लावून पाहतो तेव्हा डोळ्याचे भिंग सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यावर पाडते. ही प्रतिमा जेमतेम ०.१६ मिलिमीटर व्यासाची असते. परंतु ती जिथे पडते, त्याच इवल्याशा जागेने आपण अक्षरे वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखतो. इजा बहुतांशी भाजल्यासारखी नसते. तीव्र प्रकाशातले निळे आणि अतिनील किरण तिथल्या पेशींमध्ये रासायनिक बिघाड घडवून आणतात, आणि दृष्टिपटलाला वेदना कळवणाऱ्या नसाच नसल्यामुळे हे घडत असताना माणसाला काहीही जाणवत नाही. परिणाम दिसू लागतो तो काही तासांनी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यावर खात्रीचा असा उपचार नाही. अनेकांची दृष्टी तीन ते सहा महिन्यांत बरीचशी सुधारते, काहींची माझ्यासारखी अर्धवट सुधारते, तर काहींचा ठिपका तसाच राहतो. लहान मुलांना धोका अधिक असतो, कारण त्यांच्या डोळ्यांतले नैसर्गिक भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा स्वच्छ असते आणि ते घातक किरण जास्त प्रमाणात आत सोडते.

या सगळ्यात मला सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मी गोठ्यामागे काच धरून उभा होतो, तेव्हा आत माजघरात माझ्या आजीने जमिनीकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितले होते, “आज कवडसे वाकडे पडलेत.” आमच्या घरावर मंगळुरी कौले होती. दोन कौलांच्या सांध्यातून, कुठे टवका उडालेल्या जागेतून ऊन आत यायचे आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचे गोल गोल कवडसे पडायचे. छिद्र तिरके असो, चौकोनी असो की फुटक्या कौलासारखे वेडेवाकडे असो, कवडसा गोलच पडतो, कारण तो छिद्राचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. छिद्रापासून जमीन जितकी दूर, त्याच्या सुमारे एकशे आठाव्या भागाइतका त्या प्रतिमेचा व्यास. आढ्याजवळच्या फटीतून तिरप्या आलेल्या, पाच मीटर प्रवास करून जमिनीवर पोहोचलेल्या उन्हाचा कवडसा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतो. सूर्याला ग्रहण लागले की प्रत्येक कवडशाला ग्रहण लागते. म्हणजे त्या दुपारी आम्हाला ज्या खोलीत कोंडले होते, तिथल्याच जमिनीवर डझनावारी ग्रहणे सांडलेली होती, डोळ्याला कसलाही धोका न देता, आणि मी तेवढा दार उघडून बाहेर पळालो होतो.

म्हणूनच ‘ग्रहण बघू नका, घरात बसा’ या एवढ्याच सल्ल्यावर माझा विश्वास नाही. जे वेध पाळतात, जप करतात, ग्रहण सुटल्यावर स्नान करतात, त्यांच्याशी माझे काहीही भांडण नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण मुलांना नुसती बंदी घातली की ती चोरून बघतात, आणि चोरून बघताना हातात जे लागेल त्यातून बघतात. १९८० साली हातात चिमणीची काच लागली. २०१९ मध्ये, २६ डिसेंबरच्या ग्रहणाला, आमच्या वाड्यावरच्या एका मुलाच्या हाती त्याच्या आजीच्या गुडघ्याचा एक्सरे लागला होता. केरळातील चेरुवथुरपासून तमिळनाडूतील मदुराईच्या बाजूपर्यंत ते ग्रहण कंकणाकृती दिसले आणि गोव्यातही सकाळी सूर्याचा मोठा भाग झाकला गेला. नाताळचा दुसरा दिवस, शाळेला सुट्टी, घरोघरी पाहुणे. मी त्याच्या हातून एक्सरे काढून घेतला तेव्हा तो मला विश्वासाने सांगत होता की हाडाच्या जागेतून बघू नये, बाजूच्या काळ्या भागातून बघावे. या ज्ञानाचा उगम कुठे, असे विचारले तेव्हा त्याने बापाकडे पाहिले आणि बापाने माझ्याकडे.

काळे दिसते ते सुरक्षित असते, हा समज किती फसवा आहे हे आकड्यांनी पाहावे. सूर्यदर्शनाच्या चष्म्यांसाठी २०१५ पासून आयएसओ १२३१२-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार चष्म्याच्या पटलातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के भाग पलीकडे जाऊ शकतो, म्हणजे लाखातले जेमतेम तीन भाग. शिवाय अतिनील आणि अवरक्त किरणांसाठीही मर्यादा आहेत. नेहमीचा गडद गॉगल लाखातले दहा-पंधरा हजार भाग आत सोडतो. गॉगलवर गॉगल चढवला तरी हजाराच्या खाली गाडी येत नाही. परातीत हळदीचे किंवा शेणाचे पाणी घेऊन त्यात सूर्य बघण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि पुष्कळ सुशिक्षित घरांतही ती निर्धोक मानली जाते. परंतु सूर्य डोक्यावर असताना पाण्याचा पृष्ठभाग सुमारे दोन टक्के प्रकाश परत पाठवतो, म्हणजे लाखातले दोन हजार भाग. मानकाच्या मर्यादेच्या हे सहाशे पट झाले, आणि सूर्य कलत जाईल तसे ते प्रमाण वाढत जाते. एक्सरेची फिल्म आणि काजळीची काच यांत तर प्रत्येक इंचाला अंधार वेगळा असतो. शिवाय नजरेला काळी वाटणारी वस्तू न दिसणारे अवरक्त किरण अडवतेच असे नाही. सीडी, जुन्या फोटोंची निगेटिव्ह, चॉकलेटचे चकचकीत वेष्टन, सगळ्यांची हीच गत. वेल्डिंगच्या काचेबद्दल मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण ती अर्धवट खरी माहिती आहे. १४ क्रमांकाची काच सूर्यासाठी चालते. पण आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्रिल आणि फाटके बनवणाऱ्या कारागिराच्या मुखवट्यात सहसा १० किंवा ११ क्रमांकाची काच असते, तेवढ्यावर त्याचे काम भागते, आणि ती उसनी मागून आणणाऱ्याला काचेवर क्रमांक कोरलेला असतो हेच ठाऊक नसते.

दुसरा तितकाच रुजलेला गैरसमज असा की ग्रहणात सूर्य दुबळा होतो. चंद्र सूर्याचा काही भाग झाकतो, पण उरलेल्या भागाच्या प्रखरतेत तिळमात्र फरक पडत नाही. सूर्याचे नव्याण्णव टक्के बिंब झाकले गेले तरी उरलेली कोर पौर्णिमेच्या सुमारे चार हजार चंद्रांइतका प्रकाश देत असते. त्यातून एकूण उजेड कमी झाल्यामुळे डोळे दिपत नाहीत, बाहुली विस्फारते, नजर आपोआप खाली वळायची ती वळत नाही. एरवी आपले रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रियाच त्या वेळी गाफील होते. १९८० साली आमच्या साखळीत उरलेली कोर अशीच होती. २०२७ च्या ग्रहणात गोव्यात उलट अडचण आहे. सूर्याचा थोडाच भाग झाकला जाणार असल्यामुळे अंधारून येणार नाही, पक्षी घरट्यांकडे परतणार नाहीत, आणि चष्मा नसेल तर ग्रहण चालू आहे हे कुणाला कळणारही नाही. मोबाईलवर संदेश येईल, ‘सुरू झाले, बघा’, आणि मुले मान वर करतील.

आता चष्म्याविषयी, कारण तो मिळाला म्हणजे काम झाले असे नसते. मी ज्या शाळेत होतो तिथे २०१९ च्या ग्रहणासाठी पन्नास चष्मे मागवण्याचा प्रस्ताव वेळेत दिला होता. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, मध्ये नाताळची सुट्टी आली, आणि चष्मे आले ते २७ डिसेंबरला. खोके प्रयोगशाळेच्या कपाटात गेले. २१ जून २०२० चे ग्रहण टाळेबंदीत आणि पावसात गेले, तेव्हा खोक्याला कुणी हात लावला नाही. २५ ऑक्टोबर २०२२ च्या ग्रहणाआधी मी ते उघडले तेव्हा त्याच्या डोक्यावरून तीन पावसाळे गेले होते, आणि आपल्या हवेत तीन पावसाळे म्हणजे काय, ते ज्याने कपाटात चामड्याचे बूट ठेवले आहेत त्याला सांगायला नको. पुठ्ठ्याच्या चौकटी वाकल्या होत्या, डिंक सुटून पटल एका बाजूने मोकळे झाले होते, काहींवर बुरशीची पांढरी नक्षी होती. खोली अंधारी करून मी एकेक चष्मा मोबाईलच्या टॉर्चसमोर धरला. चांगल्या पटलातून टॉर्चचा अगदी मंद ठिपका दिसतो किंवा काहीच दिसत नाही. काही चष्म्यांत मात्र त्या काळ्याभोर पटलावर सुईच्या टोकाएवढा लख्ख पांढरा ठिपका चमकला, एकात घडीच्या रेषेवर ठिपक्यांची ओळच होती. पन्नासांतले अकरा चष्मे मी कात्रीने कापून टाकले. लेखापाल मला विचारत होते की साठा नोंदवहीत हे कसे दाखवायचे.

चष्म्यावर आयएसओचा क्रमांक छापलेला असणे आवश्यक आहे, पण तो कुणीही छापू शकतो, ही खरी मेख आहे. सणासुदीला फेरीवाल्यांकडे आणि ऑनलाइन बाजारात स्वस्त चष्म्यांचे पेव फुटते, आणि उत्पादकाचे नाव-पत्ता नसलेल्या चष्म्यावरही तो क्रमांक ठळकपणे छापलेला आढळतो. तेव्हा विश्वासार्ह ठिकाणाहून घ्यावा आणि घरी तपासावा. चष्मा लावल्यावर घरातला बल्ब, खिडकी, समोरचा माणूस, यांपैकी काहीही दिसता कामा नये. चालताना ठेच लागली पाहिजे इतका अंधार हवा. सूर्य त्यातून सौम्य, बघायला सुखद असा दिसतो, काळ्या पॉलिमरच्या पटलातून नारिंगी-पिवळा आणि ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या पटलातून निळसर पांढरा. डोळ्याला किंचितही प्रखर वाटला तर तो चष्मा टाकून द्यावा. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तो काढू नये, त्यावरून ग्रहणाचा चष्मा लावावा. आणि क्रम पाळावा: मान खाली असतानाच चष्मा लावायचा, मग वर बघायचे, काढताना आधी तोंड सूर्यापासून वळवायचे, मग चष्मा काढायचा. लहान मुले बरोबर याच्या उलट करतात, म्हणून त्यांच्या शेजारी मोठ्या माणसाने उभे राहणे भाग आहे.

आपल्याकडच्या ऑगस्टची एक स्वतंत्र अडचण आहे आणि तिचा उल्लेख बाहेरून आलेल्या सूचनापत्रकांत सहसा नसतो. ती म्हणजे ढग. ऑगस्टच्या दुपारी गोव्यात सूर्य येतो-जातो. ढगाआड गेला की ग्रहणाच्या चष्म्यातून काहीच दिसत नाही, म्हणून माणूस चष्मा कपाळावर सरकवून ‘कुठे गेला’ म्हणून उघड्या डोळ्यांनी शोधू लागतो. विरळ ढगातून त्याला सूर्याचे फिकट, चंद्रासारखे बिंब दिसते, चावा घेतलेली कडही दिसते, आणि ते इतके सोसवणारे असते की नजर तिथेच खिळते. पुढच्या क्षणी ढग फाटतो. विरळ ढग हा फिल्टर नव्हे; त्याची जाडी क्षणाक्षणाला बदलते आणि त्यातून किती किरण येत आहेत हे डोळ्याला समजत नाही. सूर्य दिसेनासा झाला तर खाली जमिनीकडे बघत थांबावे, हे मुलांना आधी सांगून ठेवले पाहिजे. जमिनीवर ऊन पडले, स्वतःची सावली दिसली, की चष्मा लावून वर बघायचे. सावली नसेल तर वर बघण्यासारखे काही नाही, एवढे त्यांना समजते.

२०२२ च्या ग्रहणात सूर्य ग्रस्त अवस्थेतच मावळला. दिवाळीचे दिवस होते आणि मी मिरामारच्या वाळूत उभा होतो. ‘मावळता सूर्य तर रोजच बघतो’ असे म्हणून बहुतेक लोक उघड्या डोळ्यांनी पाहत होते, सूर्य पुरता लाल होण्याच्या कितीतरी आधीपासून. माझ्या जवळच एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन फोटो काढत होते. त्यांच्याकडे चांगला चष्मा होता, पण तो त्यांनी मोबाईलच्या भिंगावर धरला होता, आणि चौकटीत सूर्य नीट बसावा म्हणून बाप आणि लेक दोघेही मोबाईलच्या कडेवरून थेट सूर्याकडे बघत होते. मोबाईल वाचला, असे म्हणता येईल. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याची मोठी लेन्स असेल तर प्रकार याहून गंभीर होतो. ग्रहणाचा चष्मा डोळ्याला लावून दुर्बिणीतून सूर्य बघू नये, कारण दुर्बिणीने एकवटलेले ऊन ते पातळ पटल जाळून आत शिरते. दुर्बिणीसाठीचे फिल्टर वेगळे असते आणि ते सूर्याकडच्या तोंडाला घट्ट बसवावे लागते. ज्यांना दुर्बिणीतून बघायचे आहे त्यांनी जाणकारांबरोबरच बघावे. पणजीच्या जुन्ता हाऊसच्या गच्चीवरील वेधशाळेने आणि मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्राने आकाशदर्शनाची आवड इथे रुजवली आहे, तेव्हा अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत.

ज्यांच्या घरची माणसे आखातात आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य वेगळे लिहितो, कारण जेद्दा आणि मक्का २०२७ च्या खग्रास पट्ट्यात येतात. सूर्य पूर्ण झाकला गेलेला असतो तेवढ्याच काळात चष्मा काढून पाहता येते, आणि प्रकाशाचा पहिला मणी चमकताच तो परत लावावा लागतो. ही सवलत खंडग्रास आणि कंकणाकृती ग्रहणाला कधीही नाही. गोव्यातून पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरून त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चष्मा उतरता कामा नये.

आता मागणे. शिक्षण खात्याने चष्म्यांची खरेदी करायची असेल तर ती २०२७ च्या उन्हाळी सुट्टीपूर्वी ठरवावी, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना चष्मे हातात असतील आणि जुलैत ते टॉर्चवर तपासून होतील. प्रत्येक मुलाला एक चष्मा द्यायला हवा असे नाही. पाच-सहा मुलांत एक पुरतो, कारण ग्रहण तासाहून अधिक काळ चालते आणि एकेकाने पाव मिनिट बघून पुढच्याला दिले तरी भरपूर होते. सलग टक लावून बघण्यासारखे त्यात काही नसतेही. आपल्या बहुतेक शाळा दुपारी सुटतात, म्हणजे ग्रहणाच्या वेळी मुले घरी, वाड्यावर किंवा मैदानावर असतील. सोमवारची सकाळ शाळेची आणि दुपार पालकांची, हे ध्यानात घेऊन सूचना मुलांपुरत्या न ठेवता घरी पोहोचतील अशा द्याव्यात. ज्यांना चष्मा मिळणार नाही त्यांना कवडसा दाखवावा. पुठ्ठ्याला एक मिलिमीटरचे छिद्र पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि मीटरभर अंतरावरच्या पांढऱ्या कागदावर पडलेला नऊ मिलिमीटरचा सूर्य पाहावा. तांदूळ धुवायची रोवळी उन्हात धरली तर एकाच वेळी शेकडो ग्रहणे भिंतीवर उमटतात. आंब्या-फणसाखाली पानांच्या फटींतूनही तेच घडते. छिद्रातून सूर्याकडे बघायचे नाही, छिद्रातून आलेले ऊन बघायचे, एवढे मात्र प्रत्येक मुलाकडून म्हणून घ्यावे, कारण ‘छिद्रातून ग्रहण बघा’ या वाक्याचा उलटा अर्थ लावून छिद्राला डोळा लावणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत.

शेवटची विनंती आपल्या दैनिकाला आहे. मंगळवार, ३ ऑगस्ट २०२७ च्या अंकात ग्रहणाची छायाचित्रे येतीलच. त्यांच्या शेजारी दहा सेंटिमीटर लांबीरुंदीची, पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटींची एक साधी जाळी आणि तिच्या मधोमध एक काळा ठिपका छापावा. डोळ्यांचे डॉक्टर ॲम्सलर ग्रिड म्हणून हीच जाळी वापरतात. वाचनाचा चष्मा लावून, अंक सुमारे तीस सेंटिमीटरवर धरून, एक डोळा झाकावा आणि दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघावे. मग डोळे बदलावेत. रेषा वाकलेल्या दिसल्या, एखादी चौकट पुसट झाली किंवा गायब झाली, तर डोळे चोळत न बसता आणि घरगुती थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, आणि आदल्या दिवशी सूर्याकडे पाहिल्याचे त्यांना न लाजता सांगावे. मूल लपवत असेल तर त्याच्या समोर अंक धरून, ओरडा न करता, चौकटी मोजायला सांगाव्यात. जाळी छापताना रेषा एकसारख्या आहेत ना, हे मात्र डाव्या डोळ्याने तपासणाऱ्याकडून पाहून घ्यावे. माझ्या उजव्या डोळ्याला मधल्या ठिपक्याच्या किंचित वर एक चौकट नेहमीच कमी दिसते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
साखळी, गोवा